अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलाची सहनशक्ती पायरीपायरीने कशी वाढवतात

ज्या पदार्थाच्या एका घासाने मुलाच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, धावतपळत दवाखाना गाठावा लागला, तोच पदार्थ आता रोज थोडा थोडा त्याला द्यायचा, हे ऐकून कुठल्याही आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. ही भीती रास्त आहे. ती पार निघून जाऊ नये असंच मला वाटतं, कारण ज्या घरात थोडी धास्ती शिल्लक असते तिथेच या उपचाराचे नियम नीट पाळले जातात. पण भीतीपोटी या वाटेकडे पाठ फिरवण्याआधी ती नेमकी काय आहे, तिच्यात काय मिळतं आणि काय सोसावं लागतं, हे समजून घ्यायला हवं.

या उपचाराला ओरल इम्युनोथेरपी म्हणतात, बोलताना नुसतं ‘ओआयटी’. ॲलर्जी असलेल्या पदार्थाचा अतिशय लहान, मोजून घेतलेला अंश रोज तोंडावाटे द्यायचा आणि काही महिन्यांत तो हळूहळू वाढवत न्यायचा, एवढंच तिचं सूत्र. शरीर त्या पदार्थाला शत्रू समजून आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं. ही प्रतिपिंडं मास्ट पेशींना चिकटून बसलेली असतात आणि पदार्थ पोटात गेला की या पेशी हिस्टामिनसारखी रसायनं एकदम सोडतात. गांधी, सूज, उलटी, घरघर हे सगळं त्यातूनच येतं. रोजच्या लहान डोसांनी या पेशी हळूहळू कमी भडकू लागतात, आयजीजी-४ प्रकारची वेगळी प्रतिपिंडं वाढतात आणि रोगप्रतिकारक यंत्रणेला आवर घालणाऱ्या टी-पेशी पुढे येतात. याला महिने लागतात. घाई केली तर शरीर जुन्याच पद्धतीने उत्तर देतं.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पहिला डोस आणि त्यानंतरचा प्रत्येक वाढीव डोस ॲलर्जीतज्ज्ञाच्या समोर, रिॲक्शन सांभाळण्याची सोय असलेल्या ठिकाणीच द्यायचा. घरी द्यायचा तो फक्त दवाखान्यात पचलेला डोस, तोच आणि तेवढाच. ‘काल काही झालं नाही, आज थोडं जास्त देऊन बघू’ हा विचार मनात आला तर तो तिथेच सोडून द्या.

पदरात नेमकं काय पडतं

‘ॲलर्जी बरी होणार का?’ हा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. बहुतेक मुलांमध्ये साधतं ते असं, की रोजचा डोस चालू असेपर्यंत शरीर त्या पदार्थाची ठरावीक मात्रा सहन करतं. डोस थांबवल्यावरही ॲलर्जी परत न येणं ही वेगळी आणि अवघड पायरी आहे.

अंड्याची ॲलर्जी असलेल्या ५ ते ११ वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. २२ महिन्यांच्या उपचारानंतर ७५ टक्के मुलांनी अंड्याची पूर्ण चाचणी निभावली. मग काही आठवडे अंडं पूर्ण बंद ठेवून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा हे प्रमाण २८ टक्क्यांवर आलं. शेंगदाण्याच्या बाबतीत १ ते ३ वर्षांच्या बाळांवरचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही असंच सांगतो. सुमारे अडीच वर्षांच्या उपचाराअखेर ७१ टक्के बाळं सुरक्षित टप्प्यावर पोहोचली, पण सहा महिने शेंगदाणा बंद ठेवल्यावरही टिकून राहिली ती २१ टक्के. त्यातही वयाने लहान आणि सुरुवातीला आयजीई कमी असलेल्या बाळांचं जास्त चांगलं झालं. लवकर सुरुवात करण्याकडे आज तज्ज्ञांचा कल वाढतोय तो यामुळेच.

म्हणून उद्दिष्ट काय, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलून घ्या. चुकून पोटात गेलेल्या कणाने जीव धोक्यात येऊ नये, एवढं पुरेसं आहे की मुलाने तो पदार्थ मोकळेपणाने खाल्ला पाहिजे? बऱ्याच कुटुंबांना पहिलं पुरेसं असतं आणि त्यासाठी लागणारा रोजचा डोसही बराच लहान असतो. एक-दोन शेंगदाण्यांइतकं सहन होऊ लागलं तरी सहलीला किंवा वाढदिवसाला जाताना घराचा जीव टांगणीला लागत नाही. हे यश लहान मानू नये.

याची दुसरी बाजूही माहीत असायला हवी. शेंगदाण्याच्या ओआयटीवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. उपचार घेणाऱ्या दर १०० मुलांपैकी साधारण २२ जणांना त्या काळात तीव्र रिॲक्शन आली, तर पदार्थ नुसता टाळणाऱ्यांमध्ये हा आकडा ७ च्या आसपास होता. हे ओघानेच येतं, कारण ॲलर्जीचा पदार्थ रोज पोटात जातोय. फरक इतकाच की ही रिॲक्शन मोठ्यांच्या डोळ्यांदेखत, तीव्र रिॲक्शन थोपवणारं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी असताना येते. काही कुटुंबांना हा सौदा मान्य होतो, काहींना होत नाही. पदार्थ काळजीपूर्वक टाळत राहणं हाही पूर्ण सन्मानाचा निर्णय आहे. तो घेणाऱ्या आईवडिलांना कुणी मागे पडल्यासारखं वाटू देऊ नये.

आधी निदान पक्कं करा

ॲलर्जी नसलेल्या मुलावर ॲलर्जीचा उपचार होऊ नये, हे सांगायची गरज पडू नये. पण पडते. त्वचेवरची स्किन प्रिक टेस्ट किंवा रक्तातली आयजीई वाढलेली दिसली, म्हणजे शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली आहे, इतकंच कळतं. खाल्ल्यावर खरोखर त्रास होतो का, ते त्यातून ठरत नाही. कितीतरी मुलांच्या चाचण्या पॉझिटिव्ह येतात आणि तो पदार्थ ती मजेत खातात. उलट जिथे खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी, सूज, उलटी, खोकला असं स्पष्ट घडलं आहे, तिथे हा इतिहासच सगळ्यात मोठा पुरावा असतो. शंका उरली तर दवाखान्यात देखरेखीखाली फूड चॅलेंज करतात. वाढत्या मात्रेत तो पदार्थ खायला देऊन कुठे त्रास सुरू होतो ते पाहतात. निदानाची आजही हीच सगळ्यात भरवशाची पद्धत आहे.

भेटीला जाण्याआधी लिहून न्या: काय खाल्लं, अंदाजे किती, कच्चं की शिजवलेलं, किती वेळाने काय दिसलं, मूल तेव्हा आजारी होतं का किंवा खेळत होतं का, कोणतं औषध दिलं, किती वेळात उतरलं. फोनमध्ये गांधींचा फोटो असेल तर तोही दाखवा. स्किन प्रिक टेस्टआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, किती ते दवाखाना सांगेल.

आयजीजी मोजून शंभर पदार्थांची ‘इनटॉलरन्स’ यादी देणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका. आयजीजी म्हणजे तो पदार्थ मुलाने खाल्लाय एवढीच खूण. अशा यादीवरून पदार्थ बंद केले की वाढत्या मुलाचं पोषण बिघडतं, आणि जो पदार्थ ते सहज खात होतं तो फार काळ बंद राहिला तर त्याचीच खरी ॲलर्जी उभी राहण्याचा धोका असतो.

आणखी दोन अवस्था वेगळ्या ओळखायला हव्यात. दूध प्यायल्यावर फक्त पोट फुगणं आणि जुलाब होणं हे लॅक्टोज न पचल्याने असू शकतं, त्याचा ॲलर्जीशी संबंध नाही. दुसरी म्हणजे खाल्ल्यावर एक ते चार तासांनी बाळाला उलट्यांमागून उलट्या होऊन ते निस्तेज पडतं ती. तिला एफपीआयईएस म्हणतात, ती आयजीईमुळे होत नाही आणि हा लेख सांगतो तो उपचार तिच्यासाठी नाही.

सुरुवात कुणी करावी, कुणी थांबावं

दूध, अंडं, गहू, सोया यांची ॲलर्जी बहुतांश मुलांमध्ये वाढत्या वयाबरोबर आपोआप जाते. शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाचीच जाते, काजू-अक्रोडासारख्या सुक्यामेव्याची त्याहून कमी. त्यामुळे दोन वर्षांच्या बाळाची दुधाची सौम्य ॲलर्जी आणि आठ वर्षांच्या मुलाची शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी यांचा विचार एकाच पद्धतीने होत नाही.

दमा काबूत नसेल तर ओआयटी सुरू करत नाहीत. हा नियम अगदी कडक आहे, कारण जीवघेण्या रिॲक्शनमध्ये बहुधा श्वासाचाच घात होतो. मूल रात्री खोकत उठत असेल, धावल्यावर घरघरत असेल, इन्हेलर वरचेवर लागत असेल, तर आधी दमा स्थिर करायचा आणि मग या विषयाकडे यायचं. अन्ननलिकेच्या इओसिनोफिलिक दाहाचा (इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी साठून होणाऱ्या सुजेचा) आजार चालू असेल तरीही थांबावं लागतं. इसब भडकलेला असेल तर तो आटोक्यात आणून सुरुवात करणं शहाणपणाचं, नाहीतर अंगाला सुटलेली खाज डोसामुळे की इसबामुळे हे कळतच नाही.

यापुढची अट घराची आहे, आणि तिचा विचार माझ्या मते कमी होतो. रोज ठरलेल्या वेळी डोस देऊन नंतर दोन तास मुलाजवळ थांबू शकेल असं समजूतदार मोठं माणूस घरात आहे का? ॲड्रेनालिन कसं द्यायचं हे घरातल्या प्रत्येक सांभाळणाऱ्याला येतं का? तातडीची मदत किती वेळात पोहोचते? दोन घरांत वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत दोन्ही घरं तयार हवीत. यातलं काही जमणार नसेल तर उपचार सहा महिने पुढे ढकला. त्याने काही बिघडत नाही.

दूध आणि अंड्याची ‘शिडी’

दूध किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त मुलांना तेच पदार्थ केक-बिस्किटात खरपूस भाजलेल्या रूपात चालतात. ओव्हनच्या उष्णतेने प्रथिनांच्या घड्या मोडतात आणि गव्हाच्या पिठात ती अडकून राहतात, त्यामुळे शरीराला ती तितकीशी ओळखू येत नाहीत. अर्थात सगळी प्रथिनं उष्णतेला शरण जात नाहीत. दुधातलं केसीन आणि अंड्यातलं ओव्होम्युकॉइड बरंच चिवट असतं. ज्या मुलाच्या आयजीईचा रोख नेमका या दोघांवर असतो, त्याला भाजलेलंही बाधू शकतं.

म्हणून भाजलेल्या रूपापासून सुरुवात करून मुलाला कमी शिजलेल्या रूपाकडे पायरीपायरीने नेतात, यालाच शिडी म्हणतात. ही पद्धत मोजलेल्या डोसांच्या ओआयटीहून वेगळी आहे. तिची पहिली पायरी म्हणजे चांगलं भाजलेलं बिस्किट किंवा मफिन. अभ्यासांत मफिन साधारण १८० अंश सेल्सिअसला ३० मिनिटं भाजलेले असतात. त्यावर कमी भाजलेले पदार्थ, मग चीज, दही किंवा उकडलेलं अंडं अशा पायऱ्या येतात आणि सगळ्यात वर साधं दूध किंवा कमी शिजलेलं अंडं. प्रत्येक पायरीवर आधी चिमूटभर, मग चतुर्थांश, मग पूर्ण, आणि त्यावर काही आठवडे मुक्काम. ज्या मुलांना पूर्वी फक्त सौम्य त्रास झालाय आणि दमा नाही, त्यांना काही डॉक्टर घरी शिडी चढायला परवानगी देतात. कोणती पायरी घरी आणि कोणती दवाखान्यात, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. आधी कधी तीव्र रिॲक्शन आली असेल तर पहिलीच पायरी दवाखान्यात.

इथे एक बारकावा नेहमी निसटतो. घरी केलेला केक मध्ये ओलसर राहिला तर त्या भागातलं अंडं पुरतं भाजलेलं नसतं आणि मूल नकळत दोन पायऱ्या वर जातं. म्हणून पाककृती, साचा, वेळ आणि ओव्हनचं तापमान दर वेळी तेच ठेवा. बिस्किटांचा ब्रँडही मध्येच बदलू नका.

दवाखान्यातले दिवस

पद्धत केंद्रागणिक बदलते. पण २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या शेंगदाण्याच्या प्रमाणित पावडरीचं वेळापत्रक पाहिलं की एकंदर वेग समजतो. पहिल्या दिवशी ०.५ मिलिग्रॅम प्रथिनाने सुरुवात होते आणि २० ते ३० मिनिटांच्या अंतराने ६ मिलिग्रॅमपर्यंत पाच डोस दिले जातात. घरचा रोजचा डोस ३ मिलिग्रॅमपासून सुरू होतो. मग दर दोन आठवड्यांनी दवाखान्यात एक वाढ, अशा पायऱ्यांनी ३०० मिलिग्रॅम गाठायचे. सगळं सुरळीत झालं तरी यात पाच-सहा महिने जातात. ३०० मिलिग्रॅम म्हणजे जेमतेम एक शेंगदाणा. सुरुवातीचा ०.५ मिलिग्रॅमचा कण नुसत्या डोळ्यांनी मोजताच येणार नाही, यावरून हे काम घरातल्या चमच्याने का होत नाही ते कळेल. हे आकडे वाचकाला अंदाज यावा म्हणून दिलेत, घरी वापरायला नाहीत.

काही केंद्रं बाजारातलं साधं शेंगदाण्याचं पीठ, दुधाची किंवा अंड्याची पावडर वजन करून वापरतात. तेही प्रचलित आहे. डॉक्टर सांगतील तोच ब्रँड घ्या, कारण प्रथिनाचं प्रमाण बदललं की डोस बदलला.

२०२४ पासून अमेरिकेत ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन एक वर्षावरच्या मुलांना अन्नाच्या ॲलर्जीसाठी मंजूर आहे. ते आयजीईलाच पकडून ठेवतं. अनेक पदार्थांची ॲलर्जी असलेल्या किंवा अगदी कणानेही त्रास होणाऱ्या मुलांसाठी त्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारा.

घरचा डोस: खरी कसोटी

दवाखान्यातल्या भेटी महिन्याला एक-दोन असतात. बाकी सगळे दिवस तुमचे. आणि घरी येणाऱ्या बऱ्याच रिॲक्शनच्या मागे डोसापेक्षा त्याच्या आजूबाजूला घडलेलं काहीतरी असतं.

डोस रिकाम्या पोटी देऊ नका. जेवण किंवा भरपेट नाश्त्याबरोबर द्या. डोस दिल्यावर निदान दोन तास धावपळ, पोहणं, सायकल, नाच बंद. गरम पाण्याची आंघोळही नाही. व्यायामाने आणि उष्णतेने रक्ताभिसरण वाढतं, आतड्यातून प्रथिन भराभर शोषलं जातं, आणि जो डोस काल सहज पचला तोच आज त्रास देतो. मूल खेळून घामाघूम होऊन आलं असेल तर आधी त्याला शांत बसू द्या, अंग थंड होऊ द्या, मग डोस.

झोपण्याच्या तोंडावर डोस देऊ नका. झोपलेल्या मुलाचा खोकला, खाजवणं, आवाजातला बदल लक्षात येत नाही. शाळेला निघायच्या घाईतही नको, कारण त्रास सुरू होईल तेव्हा मूल तुमच्या नजरेआड असेल. बहुतेक घरांत संध्याकाळचं लवकरचं जेवण ही सोयीची वेळ ठरते: खेळ आटोपलेला असतो, झोपेला अवकाश असतो आणि घरात कुणीतरी मोठं असतं. दोन डोसांत साधारण चोवीस तासांचं अंतर राहील असं बघा.

ताप, जुलाब, उलट्या, छातीतला कफ, दम्याची उचल यांपैकी काहीही असेल तर डोस देण्याआधी दवाखान्याला फोन करा. बहुधा डोस निम्मा करायला किंवा थांबवायला सांगतात. आजारपणात दिलेला पूर्ण डोस हे घरच्या तीव्र रिॲक्शनचं फार नेहमीचं कारण आहे. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही रिॲक्शन बळावू शकते, म्हणून तापाला कोणतं औषध चालेल हे आधीच विचारून ठेवा. जागरण, लांबचा प्रवास, मुलींमध्ये पाळीचे दिवस, पडायला आलेला दात किंवा तोंडातली जखम यांनीही सहनशक्तीचा उंबरठा खाली येतो. अशा दिवशी जास्त लक्ष ठेवा आणि शंका आली तर विचारा.

डोस राहून गेला तर? एक-दोन दिवस चुकले तर बहुतेक केंद्रं तोच डोस पुढे चालू ठेवायला सांगतात. तीन किंवा जास्त दिवस सलग चुकले तर स्वतःहून देऊ नका. सहनशक्ती खाली आलेली असू शकते आणि कमी डोसाने, कधी दवाखान्यातच, पुन्हा सुरुवात करावी लागते. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊन भरून काढणं म्हणजे संकटाला बोलावणं.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, डोस, त्याआधी काय खाल्लं, तब्येत कशी, नंतर काही झालं का. दोन ओळी पुरतात. तीन महिन्यांनी हीच वही दाखवते की पोटदुखी फक्त खेळाच्या तासाच्या दिवशी होते. डोस देणारं माणूस एकच असेल तर उत्तम. दोघं असाल तर वहीवर टिक झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही असं ठरवून घ्या, म्हणजे एकाच दिवशी दोनदा दिला जाणार नाही.

आणि डोसाबाहेर तो पदार्थ पूर्ण बंद. रोज चिमूटभर शेंगदाणा चालतो म्हणजे लेबल वाचायचं सोडलं तरी चालेल, असा घरातल्यांचा आणि पाहुण्यांचा समज होतो. डॉक्टर मोकळीक देत नाहीत तोवर पदार्थ टाळण्याचे जुने नियम जसेच्या तसे पाळायचे.

रिॲक्शन आली तर

तोंडात खाज, घशात किंचित खवखव, ओठाजवळ दोन-चार गांधी, हलकी पोटदुखी हे उपचारात होतंच, विशेषतः वाढीव डोसानंतरच्या दिवसांत. डॉक्टरांनी सांगितलेलं ॲलर्जीचं औषध द्या, मुलाला बसवून ठेवा, नजर हलवू नका, वहीत नोंद करा आणि पुढच्या डोसाआधी दवाखान्याशी बोला.

सतत खोकल्याची ढास, घरघर, श्वासाला त्रास, आवाज घोगरा होणं, जिभेला सूज, गिळता न येणं, चेहरा पांढराफटक पडणं, चक्कर, अंग ढिलं पडणं, किंवा अंगभर गांधींबरोबर पुन्हा पुन्हा उलट्या, यांपैकी काहीही दिसलं तर तो ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी रिॲक्शन, समजा आणि ताबडतोब ॲड्रेनालिन द्या. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. गरज पडल्यास कपड्यावरून. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम अशी ठरते, लहान मुलांत एका वेळी जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅम. ऑटोइंजेक्टर (ठरावीक मात्रा आधीच भरलेलं, पेनासारखं इंजेक्शन) मिळत असेल तर मुलाच्या वजनाला योग्य तो कोणता, ते डॉक्टर लिहून देतील. मिळत नसेल तर ॲम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज यांनी नेमकं किती मिलिलिटर द्यायचं ते डॉक्टरांकडून कागदावर घ्या आणि त्यांच्यासमोर सराव करा. मूल वाढतं तसा तो आकडा बदलतो, तो दर भेटीत तपासा.

इंजेक्शन दिल्यावर मुलाला आडवं झोपवा, पाय थोडे वर. श्वासाचा त्रास असेल तर बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर. त्याला उठवून चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. अशा वेळी एकदम उभं केल्याने रक्तदाब कोसळून जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत. तातडीची मदत बोलवा. पाच ते पंधरा मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरं इंजेक्शन. म्हणूनच घरात आणि प्रवासात कायम दोन हवीत. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबावं लागतं, कारण त्रास पुन्हा उसळू शकतो.

ॲलर्जीची गोळी किंवा सिरप ॲनाफिलॅक्सिस थांबवत नाही. ती देऊन वाट पाहण्यात सगळ्यात मोलाची मिनिटं जातात. ‘इंजेक्शनने काही अपाय झाला तर?’ या विचाराने कचरणारी माणसं सगळीकडे असतात, म्हणून निक्षून सांगते: योग्य मात्रेत मांडीत दिलेलं ॲड्रेनालिन मुलांना अतिशय सुरक्षित आहे. हात थरथरेल, धडधड होईल, मूल रडेल, आणि थोड्या वेळात ते ओसरेल. उशिरा देण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

पोट, मन आणि थांबण्याचा हक्क

आठवडे उलटले तरी डोसानंतरची उलटी थांबत नसेल, मूल प्रत्येक घासाला पाणी पीत असेल, फार सावकाश चावत असेल, घास अडकतो म्हणत असेल, वजन वाढत नसेल, तर दवाखान्याला लगेच कळवा. ओआयटी घेणाऱ्या थोड्या मुलांमध्ये अन्ननलिकेत इओसिनोफिलिक दाह निर्माण होतो. डोस थांबवल्यावर तो बहुधा शमतो, पण मुलाच्या बारीकसारीक सवयींतून तो ओळखावा लागतो.

चवीचा प्रश्न त्रासदायक असतो. वर्षानुवर्षं ‘हे विष आहे’ असं शिकवलेलं मूल त्याच पदार्थाच्या वासाने मळमळतं, आणि यात त्याचा हट्ट नसतो. फळांच्या गरात, थंड पुडिंगमध्ये, चॉकलेट सॉसमध्ये डोस मिसळून पाहा. भाजलेल्या रूपात नसलेला डोस गरम पदार्थात शिजवू मात्र नका, कारण उष्णतेने प्रथिन बदलतं. मिसळायला थोडंच घ्या, पूर्ण संपलं तरच डोस झाला. लपवून, फसवून देऊ नका. एकदा विश्वास तुटला की मूल ताटातल्या प्रत्येक पदार्थावर संशय घेतं.

मुलाला त्याच्या वयानुसार सगळं सांगा. पाच वर्षांच्या मुलालाही कळतं की ‘तोंडात खाज आली की लगेच मला सांग, मी रागावणार नाही.’ हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, कारण आपल्यामुळे घरचे काळजीत पडतात हे बघून काही मुलं त्रास दडवतात. दहा-बारा वर्षांचं मूल मनापासून नको म्हणत असेल तर त्याचं ऐका. उपचार त्याच्या शरीरावर चाललाय. थांबायचं ठरलं तर डॉक्टरांना सांगून थांबा, आणि त्या दिवसापासून पुन्हा पूर्ण खबरदारी, कारण डोस बंद झाल्यावर मिळवलेली सहनशक्ती काही आठवड्यांतही घटू शकते.

धाकट्या भावंडाचं काय

घरात बाळ येणार असेल तर हा प्रश्न येतोच. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेला ‘लीप’ अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या, म्हणजे जास्त धोक्याच्या या बाळांपैकी निम्म्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केला आणि पाच वर्षांपर्यंत नियमित ठेवला, उरलेल्यांना तो टाळायला सांगितला. सुरुवातीच्या त्वचा-चाचणीत निगेटिव्ह असलेल्यांपैकी शेंगदाणा टाळणाऱ्या १३.७ टक्के मुलांना पुढे ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांमध्ये फक्त १.९ टक्के मुलांना. म्हणून बाळाला हे पदार्थ उशिरा देण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. तीव्र इसब असलेल्या बाळाला मात्र आधी डॉक्टरांना दाखवून, गरज असल्यास चाचणी करून सुरुवात करा. द्यायचं ते पातळ पेस्ट किंवा पूड खाण्यात कालवून. अख्खा दाणा लहान मुलांच्या घशात अडकतो, तो देऊ नका.

टिकवण्याचा टप्पा

ठरलेला वरचा डोस गाठला की वाढ थांबते आणि तोच डोस वर्षानुवर्षं चालतो. इथे धोका कंटाळ्याचा असतो. त्रास नाही, दवाखाना नाही, मग आज राहिला तर राहिला. पावडरीऐवजी खरा पदार्थ, म्हणजे मोजून दाणे किंवा ठरावीक वजनाचं बिस्किट, घेता येतं का ते विचारा. त्याने नियम टिकतो. व्यायाम, आजारपण आणि रिकाम्या पोटाचे नियम या टप्प्यातही तसेच राहतात. किशोरवयीन मुलांना हे स्वतः सांभाळायला शिकवा: रात्रीच्या पार्टीनंतर झोपेच्या तोंडावर डोस नाही, मॅचआधी डोस नाही, इंजेक्शन स्वतःच्या बॅगेत.

काही वर्षांनी रक्तातली आयजीई बरीच उतरली तर डॉक्टर डोस काही आठवडे किंवा महिने थांबवून फूड चॅलेंज करण्याचं सुचवतील. त्या मधल्या काळात पदार्थ पूर्ण बंद ठेवायचा. चॅलेंज निभावलं तरी बहुतेक केंद्रं तो पदार्थ आठवड्यातून काही वेळा आहारात ठेवायला सांगतात. ॲड्रेनालिन तेव्हाही बॅगेतून काढायचं नाही, डॉक्टर स्वतः तसं लेखी सांगेपर्यंत. त्याची मुदत संपायची तारीख फोनच्या कॅलेंडरवर टाकून ठेवा.